वर आच, खाली आच

मराठीत ‘पाय मेकर’ म्हटलं की पहिली अडचण भाषेचीच होते. मावसबहिणीनं मेलबर्नहून आणलेलं हे यंत्र पाहून आईनं विचारलं, “पाय करायचं मशीन व्हय? बकऱ्याचे का कोंबडीचे?” पाया-सूप आवडीनं ओरपणाऱ्या सोलापुरात हा प्रश्न रास्तच होता. तेव्हा आधीच सांगते, इथून पुढे ‘पाय’ म्हणजे आत सारण भरून, वरून झाकण लावून, भट्टीत भाजलेली पारी. गोड किंवा तिखट, कशीही.

यंत्र दिसायला सँडविच टोस्टरसारखंच. खालच्या तव्यात चार खोलगट वाट्या, वरचा तवा बिजागरीवर, दोन्हीत विजेची तार. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज असते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागला नाही. फक्त तिरक्या पिनांचा प्लग कापून आपला तीन पिनांचा बसवला. खालच्या वाटीत पारी घालायची, सारण भरायचं, वर दुसरी पारी ठेवून झाकण दाबायचं. दहा-बारा मिनिटांत पाय तयार.

हे वापरायला लागल्यावर एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. पिठाच्या पारीत काहीतरी भरायचं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. करंजी, पुरणपोळी, मोदक, सामोसा, सगळं आहे. मग इतक्या शतकांत आपल्या घरात पाय का झाला नाही? उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न पिठाचा नाही, सारणाचाही नाही. तो आचेचा आहे. आच कुठून येते आणि तिच्यापाशी उभं कोण राहतं, याचा आहे.

एका बाजूची आच

सोलापूर-हैदराबाद हायवेनं निघालात तर दोन-अडीच तासांत बसवकल्याणला पोचता. बाराव्या शतकात हे कल्याणी चालुक्यांचं राजधानीचं शहर होतं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९ ते ११३१ या काळातला. राजानं काय काय उपभोगावं याच्या यादीत जेवणाचा भाग आहे आणि त्यात गव्हाचे पदार्थ येतात. मंडक म्हणजे आपले मांडे, पोलिका म्हणजे पोळी, निखाऱ्यावरची अंगारपोलिका, आणि सारणाभोवती कणीक वेढून केलेली वेष्टिका. नावंसुद्धा ओळखीची वाटतात.

या पदार्थांना आच कशी मिळते ते बघा. मांडे उलट्या खापरावर भाजतात, पोळी तव्यावर आणि अंगारपोळी निखाऱ्यावर. प्रत्येक वेळी विस्तव खाली आणि पदार्थ वर. आच एकाच बाजूनं येते. मग दुसरी बाजू भाजायची कशी? उलटायचं. पोळी उलटणं ही इतकी रोजची हालचाल आहे की तिच्यामागे तंत्रज्ञान आहे हे लक्षातच येत नाही. एका बाजूच्या विस्तवातून दोन बाजूंचं काम काढून घ्यायची ती युक्ती आहे.

ही युक्ती पातळ पदार्थालाच जमते. पुरणपोळी लाटून पातळ करता येते, म्हणून ती तव्यावर होते. पण दीड-दोन इंच जाडीचा, आत ओलसर सारण असलेला, कडा उभ्या असलेला पदार्थ तव्यावर ठेवला तर बूड करपतं आणि माथा कच्चा राहतो. उलटायला जावं तर सारण बाहेर.

यावर आपल्याकडे निघालेलं उत्तर म्हणजे तळण. कढईतलं तेल पदार्थाला सगळीकडून वेढतं. खालून आच, वरून आच, कडेनं आच. तेलात बुडालेल्या करंजीभोवती १७०-१८० अंशांची भट्टीच असते, फक्त हवेऐवजी तेलाची. त्यामुळे मला आता करंजी म्हणजे ओव्हन नसलेल्या घरातला पायच वाटते. युरोपात भट्टी होती, म्हणून तिथलं सारण भट्टीत गेलं. आपल्याकडे कढई होती, म्हणून आपलं सारण कढईत गेलं.

झाकणावरचा निखारा

सगळा महाराष्ट्र मात्र तव्यावर आणि कढईवरच थांबला नव्हता. मुंबईच्या पाठारे प्रभूंकडे भानोलं करतात. कोबी किंवा कोलंबी, बेसन आणि मसाला एकत्र करून भाजलेला जाडसर पदार्थ. आता तो ओव्हनमध्ये होतो, पण जुनी रीत म्हणजे भांडं शेगडीवर आणि झाकणावर निखारे. कोकणात तवसाचं धोंडस असंच खालीवर विस्तव ठेवून होतं. गोव्यातली बेबिंका तर वरच्या आचेवरच उभी आहे. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांच्या धगीनं भाजायचा, त्यावर तूप, मग पुढचा थर. आणि गोव्यात खराखुरा पायसुद्धा आहे. पोर्तुगीज वळणाचे छोटे एम्पादिन्यास आणि कोलंबीचा ‘आपा दी कामारांव’.

म्हणजे पाय मेकरचं तत्त्व, वर आच आणि खाली आच, आपल्याला माहीत होतं. अडचण दुसरीकडे होती. झाकणावरच्या निखाऱ्यांना बटण नसतं. ते किती लाल आहेत, राख किती धरली, कधी काढायचे, कधी नवे घालायचे, हे सगळं बघायला कोणीतरी तिथंच बसून राहावं लागतं. बेबिंकेला अर्धा दिवस जातो तो थरांमुळे आणि हा पहारा देण्यामुळे. तो पहारा बाईचा असायचा, आणि रोजच्या स्वयंपाकात तेवढा वेळ तिच्याकडे नसायचा. म्हणून दोन बाजूंची आच सणाला वापरली जायची आणि रोजच्या जेवणात तवाच असायचा.

सोलापूरसारख्या कोरड्या, सरपणाची टंचाई असलेल्या भागात तर प्रश्नच नव्हता. पदार्थाच्या वरून जाळायला जळण आणणार कुठून? इथं भाजायची गोष्ट बेकरीत जायची. दिवाळीआधी किंवा मेच्या सुट्टीत रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथले पत्रे भरायचे, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं आणि नानकटाईचे डबे डोक्यावर घेऊन परत यायचं. तुमच्या आईला विचारा, तिला त्या रांगेतली भांडणंसुद्धा आठवत असतील. भट्टी गल्लीची असायची, घरात यायची नाही. नंतर ॲल्युमिनियमचा गोल, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन आला. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्याकडे शेजारणी भांडं घेऊन जायच्या. म्हणजे तोही काही वर्षं गल्लीचाच होता.

कापड गिरणीतून आलेली ‘टिक्’

पाय मेकर तापला की ‘टिक्’ असा आवाज होतो आणि हिरवा दिवा लागतो. थोडा थंडावला की पुन्हा ‘टिक्’. माझ्या मते यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि त्याचा इतिहास सोलापूरकरांना जवळचा वाटेल असा आहे.

आत दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि वीज तोडते. थंड झाली की सरळ होते आणि वीज जोडते. दोन धातूंची पट्टी अठराव्या शतकात घड्याळं करणाऱ्या जॉन हॅरिसननं वापरली होती. तिच्यापासून तापमान राखणारं साधन करून त्याचं पेटंट घेतलं अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं, १८३० मध्ये. त्याच्या डोळ्यासमोर स्वयंपाकघर नव्हतं. कापड गिरण्यांना ठरावीक तापमान लागायचं, त्यासाठी ते होतं.

हाच युअर १८३५ मध्ये ‘फिलॉसॉफी ऑफ मॅन्युफॅक्चर्स’ नावाचं पुस्तक लिहितो आणि कारखानदारीची तोंडभरून स्तुती करतो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की कुशल कारागीर लहरी असतो, अडून बसतो, म्हणून त्याचं कौशल्य यंत्रात घालावं आणि यंत्रावर लक्ष ठेवायला साधी माणसं, बायका, मुलं ठेवावीत. पुढे कार्ल मार्क्सनं ‘कॅपिटल’मध्ये त्याचा चांगलाच समाचार घेतला.

आमचं गाव गिरण्यांचं. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. त्या लढ्यामागे गिरण्यांतल्या कामगारांचं हे शहर होतं. माझे आजोबा गिरणीत होते. आजीचं घड्याळ म्हणजे भोंगा. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकरी फडक्यात बांधून तयार पाहिजे. भोंगा कापड विणणाऱ्यांसाठी असायचा, पण त्याच्याही आधी चूल पेटवणाऱ्या बाईला पगार नव्हता आणि पाळीही नव्हती.

म्हणून युअरची पट्टी आमच्या ओट्यावर टिकटिकते तेव्हा मला तिच्याकडे दोन बाजूंनी बघावं लागतं. गिरणीत अशा यंत्रांनी विणकराचं कौशल्य काढून घेतलं आणि त्याची किंमत पाडली. स्वयंपाकघरात त्याच पट्टीनं बाईचं काढून काय घेतलं? निखाऱ्यावरचा पहारा. त्या पहाऱ्याची किंमत कोणी मोजलीच नव्हती, त्यामुळे पाडायला काही उरलं नव्हतं. इथं पट्टीनं दिली ती बारा मिनिटं. तेवढ्यात मी स्टँडअप कॉल संपवते. आई पेपर वाचते.

तार, लेप आणि कडा

बाकीचे भाग पटकन सांगते. तापणारी तार निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, नायक्रोमची. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधीच्या तारा लाल झाल्या की लवकर गंजून तुटायच्या. नायक्रोमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तार टिकते. इस्त्री, टोस्टर, गीझर, सगळं त्या एका शोधावर उभं राहिलं.

पदार्थ चिकटू न देणारा लेप म्हणजे टेफ्लॉन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला तो वेगळंच काही करताना सापडला. पन्नासच्या दशकात मार्क ग्रेगॉर या फ्रेंच इंजिनिअरनं तो तव्यावर बसवला आणि १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली.

तिसरी गोष्ट म्हणजे कडा दाबून बंद करणं. मुंबईचा सँडविचवाला दोन दांड्यांचा चिमटा शेगडीवर धरतो ना, तसली साधनं जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. ऑस्ट्रेलियात त्याला जॅफल आयर्न म्हणतात. सिडनीच्या ब्रेव्हिल कंपनीनं १९७४ मध्ये त्याचं विजेवरचं रूप आणलं. पाव मधोमध कापून कडा बंद करणारा सँडविच टोस्टर, जो पुढे जगभर पोचला. मीट पायवर जीव असलेल्या त्या देशात टोस्टरच्या तव्याला खोल वाट्या पडणं ही पुढची पायरी होती.

वीज होती कुठे?

एवढं सगळं जमलं तरी सॉकेटमध्ये वीज पाहिजे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या. माझ्या पिढीला मात्र महावितरण हे नाव भारनियमनासकटच कळलं. डाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, पुरवठा अपुरा होता. गळती आणि वसुलीच्या हिशेबानं फीडरचे गट पाडले होते. ज्या भागात गळती जास्त, तिथं वीज जास्त वेळ जायची. म्हणजे शेजाऱ्यानं आकडा टाकला तर अंधार तुमच्याही घरात. वेळापत्रक पेपरात यायचं आणि फ्रिजवर चिकटवलं जायचं. गिरणीत दळण, टाकीत पाणी, मिक्सरमधली चटणी, सगळं त्या कागदावर ठरायचं.

अशा घरात विजेवर भाजायचं यंत्र कोण घेईल? मिक्सर चालायचा, कारण त्याचं काम दोन मिनिटांचं. भाजणं मधेच सोडता येत नाही. अर्धवट भाजलेल्या पारीत सारणाचं पाणी मुरतं आणि नंतर वीज आली तरी ती पुन्हा खुसखुशीत होत नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली. त्याआधी दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात नव्हतं. त्या दिवसापासून सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर आला, आणि तो सांधा आमच्या जिल्ह्यात जुळला. पुढे २०१७ पासून एनटीपीसीचा इथला औष्णिक प्रकल्प सुरू झाला. नुसत्या एका वाहिनीनं भारनियमन संपलं असं नाही. पण त्या दशकात वीज ‘कधी येणार’ हा प्रश्न मागे पडत गेला, आणि सोलापूरच्या ओट्यावर भाजायची यंत्रं यायला लागली ती त्यानंतरच.

मोहन आणि चमचा

आता प्रत्यक्ष वापराचं. इंग्रजी पुस्तकातली पारी थंडगार लोण्याची असते. एप्रिलमध्ये सोलापूरचं तापमान ४२ अंशांवर गेलेलं असताना थंड लोणी मैद्यात चोळणं हा विनोद आहे, वाटीतच त्याचं तेल होतं. पण आपल्याकडे करंजीला कडकडीत तुपाचं मोहन घालतात. तूप पिठाच्या कणांना वेढतं, पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, चिवटपणा कमी होतो आणि पारी खुसखुशीत होते. इंग्लंडमध्ये पोर्क पायसाठी चरबी आणि पाणी एकत्र उकळून पीठ मळतात, ते याच कुळातलं. तेव्हा लोणी विसरा, मोहन घाला.

खालची पारी मोठी कापायची, वरची लहान. सारण गार आणि कोरडं हवं. गरम सारणाची वाफ आत कोंडते आणि बूड लिबलिबीत होतं. आईची पुरणाची कसोटी इथंही चालते, सारणात चमचा उभा राहिला पाहिजे. बटाटा आणि शेंगाची चटणी हे आमच्या घरचं आवडतं सारण. पुरणाचाही पाय होतो आणि चांगला होतो, पण त्याला कटाच्या आमटीशेजारी जागा मिळालेली नाही. झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. वरची आच गेली की हा तवाच.

खर्चाचं म्हणाल तर ७५० वॅटचं यंत्र तापायला पाच मिनिटं आणि भाजायला बारा मिनिटं चाललं, तर पाव युनिटसुद्धा लागत नाही. युअरची पट्टी मधेमधे वीज तोडते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी.

जिथं यंत्र थांबतं

एकदा मी ज्वारीचं पीठ घेऊन बसले. म्हटलं, सोलापूरच्या यंत्रात सोलापूरचं धान्य. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मिळालाय, मालदांडीची एम ३५-१ ही नावाजलेली जात आमच्याच मोहोळची. आजी बाजूला बसून बघत होती. “फुटंल बघ,” एवढंच म्हणाली.

फुटली. कारण साधं आहे. गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला ताणून धरतं. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ धरून ठेवायला आधणाचं पाणी लागतं. उकळत्या पाण्यानं थोडा स्टार्च शिजतो आणि चिकटपणा देतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग आधणानंही भाकरी थापता येत नाही. यंत्राचा वरचा तवा एकदम आणि सगळीकडे सारखा दाबतो. हात तसं करत नाही. तळवा मधून कडेकडे सरकत जातो, कड फाटायला लागली की बोट तिथं थांबतं, ओला हात फिरतो, पीठ पुन्हा सांधलं जातं. एकाच ठरावीक तापमानासाठी केलेल्या पट्टीत हे मावत नाही. कारखान्यात चालणारी भाकरीची यंत्रं निघाली आहेत, पण घराच्या ओट्यावर अजून हातच लागतो.

कडक भाकरीचं तर आणखीच. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार कोरडी करायची. पाणी गेलं की ती कित्येक दिवस टिकते. युरोपातल्या जुन्या पायची जाड पारीसुद्धा मुळात टिकवण्याचा डबाच होती. कॉर्नवॉलचे खाणकामगार पेस्टी घेऊन खाणीत उतरायचे, आमचे गिरणीवाले फडक्यातली भाकरी घेऊन खात्यात जायचे. आता तीच कडक भाकरी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाते, आयटीतल्या पोरांच्या कपाटात राहते आणि त्यांच्या इन्स्टावर ‘गावाची चव’ म्हणून झळकते.

ती थापणाऱ्या बायका आमच्या गल्लीतही आहेत. नगावर पैसे मिळतात. उन्हाळ्यात तव्यासमोर तासन्‌तास बसायचं, वर फॅन लावता येत नाही कारण आच हलते. युअरला हवं होतं तसं त्यांचं कौशल्य अजून यंत्रात गेलेलं नाही, त्या अर्थानं त्या सुरक्षित आहेत. पण ते यंत्रात जात नाही म्हणून त्याची किंमत वाढली, असंही झालेलं नाही.

विकत घेताना आपण भाकरीचा भाव करतो. पायचा करत नाही, कॅफेत तो लिहिलेल्या किमतीला घेतो. पायमध्ये मैदा, तूप, पाव युनिट वीज आणि बारा मिनिटं असतात. भाकरीत आधण, तळवा, आणि तव्यासमोरून उठता न आलेलं माणूस असतं. आई आता गल्लीतल्या कडक भाकरीचा भाव करत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “एक दिवस बस की तव्यापुढं, मग विचार.”